कात्रजच्या नळातली तिसरी हाक

पुण्याच्या माणसाला हौदात पाणी आलं की ते कुठून आलं याची चौकशी नसते. नाही आलं, की मात्र कात्रजचं तळं, तिथला बांध, नळावरचे चाकर आणि त्या चाकरांचे वाडवडील, सगळे त्याला एकदम आठवतात. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत एका फाल्गुनात असंच झालं. शहरातल्या हौदांवर पाण्याची धार करंगळीएवढी बारीक झाली, आणि कात्रजला निरोप आला की नळात काय अडकलंय ते बघा आणि साफ करा. निरोप गेनबा बेलदाराकडे आला, कारण असले निरोप बारा वर्षं त्याच्याकडेच येत होते.

आता हा नळ म्हणजे हातात मावणारी नळी नव्हे. दगडचुन्यात बांधलेलं ते जमिनीखालचं भुयार आहे. माणूस वाकून चालेल एवढं उंच, आणि तळ्यापासून शहरापर्यंत तीन कोस लांब. आत वारा खेळावा म्हणून मधे मधे विहिरीसारखी उभी भोकं जमिनीवर काढलेली. कामकरी त्यांना उसासे म्हणत. गेनबानं त्या उसाशांचे दगड स्वतःच्या पाठीवरून वाहिले होते, आणि काम चालू असताना दोन बेलदार मातीखाली गेले तेही डोळ्यांनी बघितले होते.

त्या दोघांपासून नळावर एक रीत पडली. एकजण खाली उतरतो, दुसरा वरून चालतो. प्रत्येक उसाशावर वरच्यानं ओणवं होऊन खालच्याला नावानं हाक मारायची, आणि खालच्यानं तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची. खालच्यानं हाक मारली तर वरच्यानंही तसंच करायचं. पहिल्या-दुसऱ्या हाकेला तोंड उघडायचं नाही. कारण भूत दोनदाच हाक मारतं. तिसरी मारायचं बळ जित्या माणसातच असतं. हे तुमच्याही घरी कोणी ना कोणी सांगितलं असेल.

गेनबानं ही रीत आपल्या धाकट्या भावाला, दत्तोबाला, थोबाडीत मारून शिकवली होती. दत्तोबा तेव्हा नऊ वर्षांचा होता. आईबाप एकाच तापात गेलेले, आणि पोरगं पहिल्याच हाकेला हसत "ओ दादा" म्हणालं. ती थोबाडीत बसल्यापासून तो पुन्हा कधी चुकला नाही. आता तो एकविशीचा झाला होता. गेनबाला बायको नव्हती, पोर नव्हतं. होता तो हा एक भाऊ, आणि वर्षापूर्वी घरात आलेली भावाची बायको मथुरा. गेनबाचा सगळा जीव त्या पोरावर होता, आणि ते त्यानं त्याला कधी बोलून दाखवलं नव्हतं.

निरोप यायच्या चार दिवस आधी पहाटे एक गोष्ट घडली होती. गेनबा बांधावर, तळ्याचं पाणी नळात सोडायची मोरी बघायला गेला असताना आकाशातून एक तारा उतरला. निखळलेला तारा तिरपा पळतो. हा सरळ खाली आला, आडात घागर सोडावी तसा, सावकाश. तळ्यात गेला आणि पाणी हललंसुद्धा नाही. बांधावर यज्ञेश्वरशास्त्री बसले होते. हे पुण्याचे जोशी. शहरातल्या धुरानं तारे नीट दिसत नाहीत म्हणून पंचांगाच्या कामासाठी ते आठ दिवस कात्रजला येऊन राहिले होते. त्यांनीही ते बघितलं.

मग त्यांनी गेनबाला सांगितलं की ब्रह्मांडं अनंत आहेत, आणि त्यांत आपल्यासारखं कोणी नसेल असं शास्त्र म्हणत नाही. पण भिऊ नकोस. एवढ्या पसाऱ्यात आपण त्यांना सापडणं म्हणजे समुद्रात पडलेली खसखस सापडण्यासारखं आहे.

गेनबा अडाणी होता, पण बेलदार होता. हरवलेला माणूस कसा सापडतो हे त्याला शास्त्र्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"आन खसखशीनंच हाक मारली तर?" त्यानं विचारलं.

शास्त्रीबुवा हसले. हसता हसता मधेच थांबले, आणि नळाच्या वाटेकडे, त्या एका रांगेत आभाळाकडे तोंडं करून बसलेल्या उसाशांकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाडबिस्तरा आवरला आणि ते पुण्याला परत गेले.

निरोप आला त्या दिवशी सकाळी भावांनी तळ्याकडची मोरी बंद केली, नळातलं पाणी ओसरू दिलं, आणि दत्तोबा तिसऱ्या उसाशातून दोर धरून खाली उतरला. कमरेला पहार, हातात पलिता. उतरताना तो म्हणाला की खाली कसलासा वास येतोय. गेनबानं वाकून घेतला. लोहारानं तापलं लोखंड पाण्यात बुडवल्यावर येतो तसला वास होता. नळात लोखंड कुठून येणार, असं त्याच्या मनात आलं, पण काम पुढ्यात असलं की माणूस वासाचा विचार करत बसत नाही.

चौथ्या उसाशावर तीन हाका झाल्या, तिसरीला ओ आली. पाचव्यावर तसंच. उन्हं चांगली वर आली होती, रानात होले घुमत होते, आणि गेनबा दोराचं वेटोळं खांद्यावर घेऊन सहाव्याकडे चालला होता. तेवढ्यात पायाखाली जमीन हलकीशी दणदणली. दगड पडल्याचा आवाज तो ओळखत होता. तो धावत सहाव्या उसाशापाशी गेला आणि ओणवा झाला. खाली मिट्ट काळोख होता. पलित्याचा उजेड नव्हता.

हाक मारायला त्यानं तोंड उघडलं, आणि त्याच्या आधी खालूनच हाक आली.

"दादा…"

दत्तोबाचाच आवाज. गेनबा थांबला. जीभ दातांखाली धरून थांबला.

"दादा…" ही दुसरी. पहिलीपेक्षा बारीक, मधे श्वास तुटलेली.

तिसरी हाक आली नाही. गेनबानं दहा श्वास मोजले, वीस मोजले. आली नाही. मातीखाली गेलेले ते दोन बेलदार इथेच, याच उसाशापाशी गेले होते.  रामाचं नाव घेत तो मागे सरला, आणि दत्तोबा पुढे निघून गेला असेल अशी स्वतःची समजूत घालत सातव्या उसाशाकडे झपझप चालू लागला.

निम्मी वाट गेला असेल. मागून, जमिनीच्या आतून हाक ऐकू आली.

"दत्तोबा… दत्तोबा… दत्तोबा…"

तो गेनबाचा आवाज होता. गेनबा मात्र तोंड मिटून रानात उभा होता.

आणि मग खालून, रीतीप्रमाणे, तिसऱ्या हाकेला दत्तोबानं ओ दिली. त्या ओमध्ये केवढा आनंद होता. थोरला भाऊ आला, आता सुटलो, असा. ती ओ पुरी झाली नाही. विळ्यानं दोरा कापावा तशी मधेच तुटली.

होले घुमायचे थांबले होते. मग पुढच्या, सातव्या उसाशातून स्वच्छ हाक आली, "दादा… दादा… दादा…" आवाज दत्तोबाचा. हाका पुऱ्या तीन. गेनबाच्या गळ्यात ओ आली होती, दातांपर्यंत आली होती. पण माणूस तिसऱ्यांदा हाक मारतो तेव्हा तो चिडलेला तरी असतो, नाहीतर घाबरलेला. या तीन हाका एकीसारखी एक होत्या, एकाच साच्यातून काढलेल्या विटांसारख्या. गेनबानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं आणि तो मागे, सहाव्याकडे धावला.

दोर झाडाला बांधून तो खाली उतरला. दत्तोबा तिथेच होता. छतातला एक दगड निखळून त्याच्या पायावर बसला होता. जिवंत होता. गेनबाला बघून त्यानं तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या, पण आवाज आला नाही. कण्हणंसुद्धा नाही. पहारीनं दगड उचलताना हाड कडकन वाजलं, तेव्हाही त्याच्या तोंडून हवेशिवाय काही निघालं नाही.

वर आणल्यावर उन्हात बसून त्यानं गेनबाला दोन बोटं दाखवली. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. दोन हाका, माझ्या. मग तीन बोटं. मग गेनबाच्या छातीवर बोट टेकवलं, आणि मग खालच्या काळोखाकडे दाखवलं. मग स्वतःच्या गळ्यावरून हात फिरवून मूठ उघडून दाखवली. मूठ रिकामी होती.

गेनबाला सगळं कळलं. भावानं दोनदा हाक मारली होती. तिसरीला दम उरला नव्हता. आपण दुसरीलाच ओ दिली असती, तर दादा वर डोक्यावर आहे हे पोराला समजलं असतं, आणि काळोखातून आलेल्या दादाच्या हाकेला तो फसला नसता. शिकवल्याप्रमाणे वागला, आणि शिकवल्याप्रमाणेच गेला त्याचा आवाज. गेनबा त्या उन्हात आपल्या भावाला पोटाशी धरून रडला. नवव्या वर्षानंतर त्यानं त्याला पहिल्यांदाच जवळ घेतलं होतं.

वैद्यानं पाय बांधला, गळा तपासला आणि गळ्याला काही झालेलं नाही असं सांगितलं. संध्याकाळी दिवेलागणीला तिघं चुलीपाशी बसली होती. दत्तोबा भिंतीला टेकून, पाय लांब करून. मथुरा भाकरी थापत होती. परसातल्या आडातून हाक आली.

"दादा… दादा… दादा…"

आवाज दत्तोबाचा, आणि दत्तोबा समोर बसलेला. त्यानं कानांवर हात दाबून धरले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मथुरेचा हात परातीतच राहिला. थोरल्या दिरापुढे ती वर्षभरात कधी बोलली नव्हती, पदर कपाळाखाली ओढूनच वावरायची. त्या दिवशी तिनं पदर मागे सारला आणि सरळ गेनबाकडे बघितलं.

"भावजी, त्यो त्येंचा आवाज हाय," ती म्हणाली. "आमचा हाय. माघारी आणून द्या."

उजाडताच गेनबा पुण्याची वाट चालू लागला. उजव्या हाताला नळ आणि त्याचे उसासे, समोर पर्वती. सगळी वाट त्याला पायाखाली कोणीतरी बरोबर चालतंय असं वाटत होतं. शहरात शिरला तर हौदाहौदावर बायका घागरी घेऊन उभ्या होत्या आणि कुजबुजत होत्या. तीन दिवसांत पुण्यातली सहा माणसं मुकी झाली होती. पुण्यात सहा माणसं गप्प बसली, याची लोकांना भीतीपेक्षा नवलाईच जास्त वाटत होती. कोणी म्हणे पाणी बाधलं, कोणी म्हणे बरं झालं. एका दुकानदाराला गेनबानं हात जोडून सांगितलं की कोणाच्याही तिसऱ्या हाकेला ओ देऊ नका. दुकानदार म्हणाला, आम्ही गिऱ्हाइकाच्या पाचव्या हाकेलाही देत नाही, तू चिंता करू नकोस.

सदाशिव पेठेत यज्ञेश्वरशास्त्री ओसरीवर बसले होते, पुढ्यात पंचांगाची पानं, पण लेखणी कोरडी.  आतून त्यांच्या पत्नी, आनंदीबाई, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. गेनबाला बघून त्यांनी बसा म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंड तसंच उघडं राहिलं. मग खाली मान घालून त्या आत गेल्या.

"काल सकाळी हौदावर गेली होती," शास्त्रीबुवा म्हणाले. "तीन हाका आल्या. हिनं ओ दिली. रीतच आहे आपली."

गेनबानं सगळं सांगितलं. शास्त्रीबुवा ऐकत गेले तसतसा त्यांचा चेहरा उतरत गेला. मग ते हळू आवाजात म्हणाले की हे भूत नाही. भुताला आपली रीत जन्मापासून ठाऊक असते. यानं ती शिकून घेतली आहे. बारा वर्षं, दर साफसफाईला, तीन कोसांच्या उसाशांवरून आभाळाकडे तीन-तीन हाका जात होत्या. कुठंतरी, कोणीतरी त्या मोजल्या. खसखस सापडली ती अशी.

"म्हंजी म्याच बोलावलं त्याला," गेनबा म्हणाला.

"हाका आम्हीही मारतो, देवाला. पण इतक्या नेमानं नाही मारत." शास्त्रीबुवा कसनुसं हसले. "गेनबा, फौज यायच्या आधी हेर येतो. मुलूख केवढा, पाणी कुठलं, आणि हाक मारली तर माणसं ओ देतात का, एवढंच बघून जातो. शितावरून भाताची परीक्षा. शितं घेतली त्यानं. सात-आठ शितं."

गेनबाला फौजेशी कर्तव्य नव्हतं. त्यानं एवढंच विचारलं की नेलेला आवाज परत मिळतो का. चाचपायला घेतलेलं शीत कोणी परत हंड्यात टाकत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.  गेनबा उठला, तसा शास्त्रीबुवांनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "तू ओ देऊ नकोस रे." गेनबानं हात सोडवून घेतला.

भर दुपारी तो सहाव्या उसाशावर पोचला. वाटेत कोणी चिटपाखरू नव्हतं. त्याच्या मनात एकच हिशेब होता, अडाणी माणसाचा, सरळ. एक दिला तर एक मिळेल. तो ओणवा झाला आणि त्यानं दत्तोबाला हाक मारली. एकदा. दोनदा. तिसरीला त्याचा आवाज चिरकला.

ओ आली. खालून नाही. वरून, निळ्या रिकाम्या आभाळातून, फार लांबून, दत्तोबाच्या आवाजात.

गेनबा उताणा पडला आणि आभाळाकडे हात जोडून बोलू लागला. लेकरू हाय ते माझं. त्याचं माघारी दे. माझा घे, म्हाताऱ्याचा. मला काय करायचाय. तो बोलत राहिला, रडत राहिला, कपाळ दगडावर आपटत राहिला. वरून उत्तर आलं नाही. मग खालून, उसाशाच्या तळातून, त्याच्याच आवाजात हाक आली.

"गेनबा… गेनबा… गेनबा…"

तिसरी हाक पुरी होताच गेनबानं ओ दिली. मोठ्यानं दिली, आनंदानं दिली. ती मधेच तुटली. मग तो उठला आणि धावत सुटला, ठेचकाळत, घराकडे. दारात मथुरा उभी होती. आत दत्तोबा भिंतीला टेकून बसला होता. गेनबा त्याच्यापुढे बसला आणि त्यानं खुणेनं सांगितलं, बोल. दत्तोबानं तोंड उघडलं. खूप वेळ उघडं ठेवलं. मथुरा एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिली, आणि मग ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली, कारण त्या घरात आता बोलणारी ती एकटीच उरली होती.

हाका थांबल्या. आडातूनही आली नाही, हौदातूनही नाही. गेलेले आवाज कोणाचेच परत आले नाहीत. पुणं लवकर विसरलं, नळाला पाणी पुन्हा नीट यायला लागलं होतं. दोघे भाऊ मात्र रोज दुपारी सहाव्या उसाशावर जाऊन बसत, दत्तोबा कुबडीवर, गेनबा दोराचं वेटोळं घेऊन. दोर कशाला हे मथुरेनं एकदाही विचारलं नाही. गेनबा गेल्यागेल्या दोराचं एक टोक झाडाला बांधी आणि दुसरं उसाशात सोडी. संध्याकाळी ओढून घेई. रिकामा दोर ओला निघायचा, आणि त्याला तापल्या लोखंडाचा वास यायचा.

वर्ष झालं. पुन्हा फाल्गुन आला, पुन्हा होले घुमायला लागले. एका दुपारी ते घुमायचे थांबले.

"दादा…"

वरून. आभाळातून. दत्तोबानं गेनबाचा दंड पकडला. तो आवाज साच्यातला नव्हता. त्यात श्वास होता, भीती होती, पायावर दगड पडलेल्या पोराचं कळवळणं होतं. त्या दिवशीचा, तसाच.

"दादा…" दुसरी, बारीक, मधे तुटलेली.

या वेळी गेनबा तिसरीसाठी थांबणार नव्हता. वर्षभर त्यानं मनाशी हेच घोकलं होतं. तो ताडकन उठला, मान वर केली, छातीत हवा भरली आणि तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. त्यानं पुन्हा छाती भरली, शिरा फुटेस्तोवर जोर केला. वर आभाळात त्याचा भाऊ वाट बघत होता आणि त्याच्यापाशी ओ नव्हती.

मग ओ आली. पायाखालून, उसाशाच्या आतून, गेनबाच्याच आवाजात. नीट, सावकाश, पुरी, हेरानं मागून येणाऱ्या फौजेला द्यावी तशी.

झाडाला बांधलेला दोर ताणला गेला. दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलं. मग गेनबानं, बारा वर्षांच्या सवयीनं, पाय रोवून दोर ओढायला घेतला, आणि दत्तोबानं कुबडी टाकून मागे हात लावला. वजन एका माणसाएवढं होतं, आणि हाताहाताला ते वाढत होतं.